विजेवरच्या गाडीची बॅटरी अजून किती वर्षे टिकेल? घरच्या घरी अंदाज बांधण्याची रीत

पावसाळा सुरू झाला की मुंबईकर वर्तमानपत्रातील एक चौकट रोज न चुकता पाहतो. सात तलावांतील पाणीसाठा त्या चौकटीत दिलेला असतो. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांची मिळून साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे आणि चौकटीतील टक्केवारी या क्षमतेशी काढलेली असते. आता समजा, तलावांच्या तळाशी गाळ साचत गेला आणि टक्केवारी मात्र मूळ क्षमतेशी न काढता आजच्या उथळ झालेल्या तलावाशी काढली जाऊ लागली, तर तलाव दरवर्षी १०० टक्के भरल्याची बातमी येईल आणि तरीही पाणीकपात दरवर्षी थोडी अलीकडे येत राहील. विजेवरच्या गाडीच्या पडद्यावर दिसणारी चार्जची टक्केवारी नेमकी अशा प्रकारची असते. बॅटरीत आज जेवढे मावते, त्यातले किती भरले आहे, एवढेच ती सांगते. मुळात मावत होते त्यापैकी आज किती मावते, हे ती सांगत नाही. या दुसऱ्या गोष्टीला बॅटरीचे आरोग्य म्हणतात, आणि सर्व्हिस सेंटरच्या अहवालात ते ‘एसओएच’ या अक्षरांनी येते.

मी गेली काही वर्षे स्वतःच्या गाडीची आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्यांची बॅटरी तपासत आलो आहे. त्यातून माझे एक ठाम मत बनले आहे. एका दिवशी मिळालेल्या एका आकड्यावरून बॅटरीचे आयुष्य कळत नाही. एकाच पद्धतीने, एकाच मीटरवर, वर्षातून एकदा घेतलेल्या नोंदी ओळीने लिहून ठेवल्या, तर मात्र त्या नोंदींचा उतार बरेच काही सांगून जातो. या लेखात ती पद्धत मी तपशिलाने मांडणार आहे, कारण तिला महागडी उपकरणे लागत नाहीत आणि तरीही ती फारच थोडे लोक वापरतात.

बॅटरी झिजते म्हणजे काय होते

लिथियम-आयन सेल चार्ज होताना लिथियमचे आयन धनाग्राकडून ऋणाग्राकडे जाऊन ग्राफाइटच्या थरांत शिरतात आणि गाडी चालताना परत येतात. ही ये-जा पूर्णपणे निर्दोष नसते. ग्राफाइट आणि त्याला भिजवणारे विद्युत अपघटनी द्रावण यांच्यात पहिल्याच चार्जिंगपासून एक पातळ पापुद्रा तयार होतो. दुधावर साय धरते तसाच हा प्रकार आहे. साय धरली की खालच्या दुधाचा हवेशी थेट संबंध तुटतो. तसाच हा पापुद्रा पुढची रासायनिक अभिक्रिया मंदावतो आणि त्या अर्थाने तो सेलचा रक्षक असतो. परंतु तो तयार होताना काही लिथियम त्यात कायमचे अडकून पडते आणि ये-जा करणाऱ्या आयनांची संख्या तेवढ्याने घटते. पापुद्रा जाड होत जातो तसा त्याच्या वाढीचा वेग कमी होतो. त्यामुळे नव्या बॅटरीची क्षमता पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने उतरते आणि नंतर उतरण्याचा वेग सौम्य होतो. पहिल्या वर्षी चार टक्के घट पाहून घाबरलेले अनेक गाडीमालक मला भेटले आहेत. त्यांनी तो वेग पुढे तसाच ताणून पाच वर्षांत बॅटरी संपणार असा हिशेब केलेला होता, आणि तो हिशेब मुळातच चुकीचा होता.

झीज दोन वाटांनी येते. एक वयाने येते, म्हणजे गाडी नुसती उभी असली तरी येते; तिचा वेग तापमानावर आणि बॅटरी किती भरलेल्या अवस्थेत उभी आहे यावर ठरतो. दुसरी वापराने येते. ती किती वेळा, किती खोलवर आणि किती जोरात चार्ज-डिस्चार्ज केले यावर अवलंबून असते. याशिवाय जुन्या झालेल्या काही सेलांत एक वळण येते, ज्यानंतर क्षमता अचानक वेगाने ढासळू लागते. अंदाज बांधताना या वळणाची आठवण ठेवावी लागते. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

क्षमता घटण्याबरोबरच सेलचा अंतर्गत रोधही वाढतो. तलावात पाणी असूनही जलवाहिनी अरुंद झाली तर वरच्या मजल्यावर धार लागत नाही, तसे होते. वीज साठलेली असते, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना ती हवी तेवढ्या जोराने मिळत नाही आणि सेल गरम होतो.

पडद्यावरच्या रेंजवर विसंबू नये

पूर्ण चार्ज केल्यावर पडद्यावर दिसणारे किलोमीटर म्हणजे बॅटरीचे आरोग्य, असा समज सर्वत्र आहे. तो आकडा मुख्यतः अलीकडच्या चालवण्यावरून काढलेला असतो. आठवडाभर सायन-पनवेल महामार्गावर एसी लावून वेगाने गाडी हाकली तर तो खाली येतो. आठवडाभर दादर-माटुंग्याच्या गल्ल्यांतून सावकाश फिरले, जिथे ब्रेक लावताना बरीच वीज परत बॅटरीत जमा होते, तर तो वर जातो. त्याच बॅटरीचा हा आकडा आठ दिवसांत बराच वरखाली होऊ शकतो, आणि जुनी गाडी विकणाऱ्याला तो वर कसा न्यावा हे चांगले ठाऊक असते.

मीटरवरची चाचणी

आता मुख्य पद्धतीकडे येतो. तिच्यासाठी लागणारी वस्तू म्हणजे गाडीच्या चार्जिंग पॉइंटसाठी असलेला स्वतंत्र वीज मीटर किंवा सब-मीटर. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपला महावितरण, पुरवठादार कोणीही असो, मीटरवरचे एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आणि बॅटरीची क्षमताही किलोवॉट-तासांतच सांगितलेली असते. सोसायटीने पार्किंगमध्ये प्रत्येकाला सब-मीटर दिला असेल तर काम सोपे होते. दुचाकीच्या काढता येणाऱ्या बॅटरीसाठी प्लगमध्ये खोवायचा छोटा वॉटमीटर पुरतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण १०० टक्के चार्ज करून घ्यावी. लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेल असलेल्या गाड्यांच्या बाबतीत ही पायरी अजिबात वगळू नये. या सेलचा व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात ३.२ ते ३.३५ व्होल्टच्या आतच घुटमळतो, त्यामुळे केवळ व्होल्टेज पाहून चार्ज किती आहे हे बॅटरी व्यवस्थापन प्रणालीला नीट ठरवता येत नाही. ती आत गेलेला आणि बाहेर पडलेला विद्युतप्रवाह मोजून हिशेब ठेवते, आणि त्या हिशेबात दिवसेंदिवस बारीक चूक साठत जाते. पूर्ण चार्ज झाला की व्होल्टेज एकदम वर चढतो आणि प्रणालीला आपला हिशेब पुन्हा जुळवून घेता येतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी सेलचा व्होल्टेज चार्जबरोबर स्पष्ट बदलत जातो, त्यामुळे तिथे ही अडचण कमी असते.

त्यानंतर गाडी नेहमीप्रमाणे वापरून चार्ज १० टक्क्यांच्या आसपास आणावा. घरी आल्यावर लगेच प्लग लावू नये. दोन-तीन तास गाडी उभी राहू द्यावी, म्हणजे सेल निवतात आणि त्यांचा व्होल्टेज स्थिर होतो. मग पडद्यावरची टक्केवारी आणि मीटरवरचा आकडा, शेवटच्या दशांशासह, लिहून घ्यावा. मी दोन्हींचा फोटोही काढून ठेवतो. चार्जिंग चालू असताना गाडीतील एसी, दिवे, गाणी सर्व बंद असले पाहिजे. पंधरा अँपियरच्या पॉइंटवर साधारण तीन किलोवॉटने चार्जिंग होत असेल तर मोठ्या गाडीला दहा तासांच्या आसपास वेळ लागतो, म्हणून रात्री दहाला सुरुवात करणे सोयीचे पडते. सकाळी चार्ज १०० टक्के होऊन प्रवाह थांबला की मीटरचा आकडा पुन्हा लिहावा आणि दोन आकड्यांतील फरक काढावा.

माझ्या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची आहे. गाडी नवी असताना, जानेवारी २०२१ मध्ये, १० ते १०० टक्के चार्ज करण्यासाठी मीटरवर ३१.१ युनिटे पडली. पुढच्या चार जानेवारींत अनुक्रमे २९.९, २९.३, २९.० आणि २८.६ युनिटे पडली. शेवटच्या आकड्यावरून आरोग्य काढायचे तर दोन रस्ते आहेत आणि त्यांतला फरक समजून घेणे फार गरजेचे आहे.

पहिला रस्ता जाहिरातीतील क्षमतेशी तुलना करण्याचा. ९० टक्क्यांना २८.६ युनिटे, म्हणजे पूर्ण बॅटरीला सुमारे ३१.८ युनिटे. परंतु मीटरमधून गेलेली सर्व वीज बॅटरीत पोहोचत नाही; चार्जरमध्ये, वायरीत आणि खुद्द सेलमध्ये तिचा काही भाग उष्णतेत जातो. घरगुती चार्जिंगमध्ये हा तोटा ढोबळमानाने १० ते १५ टक्क्यांच्या घरात धरला जातो. ८७ टक्के वीज पोहोचली असे मानले तर बॅटरीची आजची क्षमता २७.६ किलोवॉट-तास येते, म्हणजे आरोग्य ९१ टक्क्यांच्या थोडे वर. पण ८४ टक्के पोहोचली असे मानले तर आरोग्य ८८ वर येते आणि ९० टक्के मानले तर जवळजवळ ९५ वर जाते. केवळ एका गृहीतकाने सहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि अशा आकड्यावर कोणताही निर्णय उभा करता येत नाही.

दुसरा रस्ता स्वतःच्याच पहिल्या नोंदीशी तुलना करण्याचा. २८.६ भागिले ३१.१ म्हणजे ९२ टक्के. इथे चार्जरमधला तोटा दोन्ही आकड्यांत सारखाच असल्यामुळे भागाकारात तो निघून जातो आणि गृहीतकाची गरजच उरत नाही. म्हणून चार्जर, प्लग पॉइंट आणि मीटर दरवर्षी तेच असले पाहिजेत. नवी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की पहिल्या महिन्यातच ही चाचणी करून ठेवा, कारण पहिली नोंद नसेल तर पुढच्या सर्व नोंदींचे मोल अर्धे होते.

टक्केवारीच्या पट्ट्याची रुंदीही तितकीच महत्त्वाची आहे. पडदा टक्केवारी पूर्णांकात दाखवतो, म्हणजे ‘४०’ हा आकडा प्रत्यक्षात ३९.५ ते ४०.५ मधला काहीही असू शकतो. ४० ते ६० असा २० टक्क्यांचाच पट्टा मोजला, तर दोन्ही टोकांची अर्ध्या-अर्ध्या टक्क्याची चूक मिळून उत्तरात पाच टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. १० ते १०० असा पट्टा घेतला तर हीच चूक जेमतेम एका टक्क्याची होते. बॅटरी वर्षाला दीड-दोन टक्के झिजत असताना पाच टक्के चुकणारी मोजणी करून काहीच हाती लागणार नाही.

ज्यांच्याकडे मीटर नाही, त्यांना चालवून मोजण्याचा मार्ग उरतो. पूर्ण चार्जपासून निघून १० टक्क्यांपर्यंत गाडी चालवावी, ट्रिपमध्ये दाखवलेला सरासरी वापर आणि अंतर यांचा गुणाकार करावा आणि त्याला ०.९ ने भागावे. १८० किलोमीटरला किलोमीटरमागे १४५ वॉट-तास पडले असतील तर २६.१ किलोवॉट-तास वापरले गेले, म्हणजे पूर्ण बॅटरी २९ किलोवॉट-तासांची. काही गाड्यांच्या ट्रिप मीटरमध्ये एसीचा वापर धरलेला नसतो, म्हणून या पद्धतीवर माझा भरवसा थोडा कमीच आहे.

सेलच्या पातळीवर डोकावताना

एकूण क्षमता चांगली असूनही बॅटरी आजारी असू शकते. साधारण ३२० व्होल्टच्या एलएफपी पॅकमध्ये शंभरएक सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि त्यांतला सर्वांत दुबळा सेल रिकामा झाला की व्यवस्थापन प्रणाली संपूर्ण पॅकचा पुरवठा तोडते. बाकी नव्व्याण्णव सेलांत वीज शिल्लक असली तरी तिचा उपयोग होत नाही. सेलांचे व्होल्टेज वेगवेगळे पाहण्यासाठी गाडीच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे तंत्रज्ञ तपासणीचे यंत्र जोडतात त्या खाचेला, लावायचा ब्लूटूथ डाँगल आणि फोनवरचे ॲप लागते. सर्वच गाड्या ही माहिती बाहेर देत नाहीत. देत नसतील तर सर्व्हिस सेंटरकडून तसा लेखी अहवाल मागावा.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा एक वापरलेली गाडी घ्यायला निघाला होता. गाडी कांजूरमार्गच्या एका इमारतीत पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर, उभी होती, तीन वर्षांची, धुऊनपुसून लख्ख केलेली. “मामा, रेंज तर २३० दाखवते आहे,” असे तो मोठ्या आशेने म्हणाला. चार्ज ८० टक्के होता आणि डाँगल लावल्यावर सर्व सेल अवघ्या चार मिलिव्होल्टच्या फरकात बसलेले दिसले. कागदावर बॅटरी अगदी निरोगी होती. मी विक्रेत्याला विनंती केली की दोन दिवस गाडी वापरा आणि चार्ज २० टक्क्यांवर आला की आम्हाला बोलवा. तो कुरकुरला, पण त्याने बोलावले. त्या दिवशी २२ टक्क्यांवर गाडी उभी असताना बहुतेक सेल ३.२२ ते ३.२४ व्होल्ट दाखवत होते आणि एकच सेल ३.१९ वर होता. भाच्याने गाडी रॅम्पवर चढवली, मी शेजारी फोन धरून बसलो होतो. चढ लागताच इतर सेल ३.१२ पर्यंत उतरले आणि तो एकटा सेल २.९१ वर गेला. रॅम्प संपल्यावर तो सावकाश, जवळजवळ मिनिटभराने, वर आला. इतरांचा व्होल्टेज ०.११ ने उतरत असताना त्याचा ०.२८ ने उतरत होता, म्हणजे त्याचा अंतर्गत रोध इतरांच्या दुपटीहून जास्त झाला होता. आम्ही ती गाडी घेतली नाही. ८० टक्क्यांवर तपासणी करून परतलो असतो तर ती दारात येऊन उभी राहिली असती, आणि भाच्याच्या बचतीचा मोठा भाग तिच्यात अडकला असता.

यावरून दोन नियम घ्यावेत. एलएफपी बॅटरीचे सेल मधल्या पट्ट्यात सगळे सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक २० टक्क्यांच्या आसपास व त्याखाली किंवा अगदी वरच्या टोकाला उघडा पडतो. वरच्या टोकाला मात्र व्होल्टेज इतका झपाट्याने चढतो की निरोगी सेलांतही बराच फरक दिसू शकतो, म्हणून निर्णय खालच्या टोकाच्या मोजणीवरून करावा. दुसरा नियम असा की उभ्या गाडीच्या आकड्यांपेक्षा भाराखालचे आकडे अधिक खरे बोलतात.

संपूर्ण पॅकचा अंतर्गत रोधही याच रीतीने काढता येतो. उभ्या गाडीत पॅकचा व्होल्टेज ३२६ असेल आणि वेग घेताना १५० अँपियर प्रवाह जात असताना तो ३०८ झाला असेल, तर १८ भागिले १५० म्हणजे ०.१२ ओहम हा रोध झाला. तापमान आणि चार्ज बदलले की रोधही बदलतो, म्हणून ही मोजणी दरवर्षी साधारण ५० टक्के चार्जवर आणि एकाच ऋतूत करावी. नव्या बॅटरीच्या तुलनेत रोध दुप्पट झाला की तिची जोर देण्याची ताकद संपत आली असे मानण्याचा प्रघात आहे. आकडे पाहण्याचे काम नेहमी शेजारी बसलेल्या माणसाने करावे. चालकाने फोनकडे पाहू नये. आणि पॅक उघडण्याचा विचारही मनात आणू नये. ६० व्होल्टच्या वरचा डीसी प्रवाह जीवघेणा मानला जातो आणि इथे त्याच्या पाचपट व्होल्टेज असतो. नारिंगी वेष्टनाच्या केबलींना प्रशिक्षित तंत्रज्ञाशिवाय कोणीही हात लावू नये.

मुंबईच्या हवेचा हिशेब

शून्याजवळच्या थंडीत वेगाने चार्ज केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचते आणि सेलचे मोठे नुकसान होते. थंड देशांतील मार्गदर्शनात या धोक्याला बरीच जागा दिलेली असते. मुंबईकराला त्याची चिंता करण्याचे कारण नाही. शिवाय इथे वर्षभर तापमानात फार चढउतार नसल्यामुळे एका जानेवारीची मोजणी दुसऱ्या जानेवारीशी निर्धास्तपणे ताडून पाहता येते.

इथली अडचण उष्णतेची आहे, आणि ती बाराही महिने थोडी थोडी असते. तापमान १० अंशांनी वाढले की सेलमधील वयाने येणारी झीज साधारण दुपटीने होते, असा ढोबळ नियम रसायनशास्त्रात वापरतात. म्हणून मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उन्हात उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि पोडियमच्या सावलीत उभी राहणारी तीच गाडी यांच्या बॅटऱ्या पाच वर्षांनी सारख्या राहत नाहीत. गावी जाताना गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर ती १०० टक्के भरून ठेवू नये; अर्धी भरलेली बॅटरी सावकाश झिजते. एनएमसी सेल असल्यास रोजचा चार्ज ८० टक्क्यांवर थांबवावा आणि लांबच्या प्रवासापुरताच पूर्ण करावा. पुण्याहून घाट उतरून आल्या-आल्या, सेल तापलेले असताना, डीसी फास्ट चार्जरला गाडी लावण्याची सवयही मोडावी.

वापरलेली गाडी घेताना मुंबईत आणखी एक चौकशी हटकून करावी लागते. ती गाडी पावसाळ्यात हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाण्यात उभी राहिली होती का? आयपी६७ या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जाचा पॅक एक मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरू शकतो, पण ही चाचणी नव्या पॅकची आणि स्वच्छ पाण्याची असते. भरतीच्या वेळी तुंबलेले पाणी खारट असू शकते आणि जुन्या रबरी सीलमधून झिरपलेले खारे पाणी महिनोन्‌महिने आतून गंजवत राहते. क्षमतेच्या चाचणीत हा दोष दिसत नाही. त्यासाठी तंत्रज्ञाकडून पॅकच्या विद्युतरोधनाची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

उरलेल्या आयुष्याचा अंदाज

आधी शेवट कशाला म्हणायचे हे ठरवावे लागते. क्षमता ८० टक्क्यांवर आली की वाहनातील पहिले आयुष्य संपले असे धरण्याची रीत आहे. काही कंपन्या वॉरंटीसाठी ७० टक्के ही मर्यादा ठेवतात. पण घरच्या माणसाने आपला शेवट स्वतःच्या गरजेवरून ठरवावा. मुलुंडहून वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन-येऊन ४०-४५ किलोमीटर होत असतील, तर ६५ टक्के आरोग्य असलेली बॅटरीही ते काम वर्षानुवर्षे करील. आठवड्याला नाशिकची फेरी असणाऱ्याला ८५ टक्क्यांवरच अडचण जाणवू लागेल.

माझ्याच नोंदी घेऊन हिशेब मांडतो. टक्केवारीत त्या १००, ९६, ९४, ९३ आणि ९२ अशा येतात. चार वर्षांत आठ टक्के घट झाली, म्हणजे सरासरीने वर्षाला दोन. हाच वेग राहिला तर ९२ वरून ८० पर्यंत यायला सहा वर्षे लागतील. परंतु पहिल्या वर्षाची मोठी घट या सरासरीत मिसळलेली आहे. शेवटच्या दोन वर्षांचाच उतार घेतला, तर दशांश धरून घट ९४.२ वरून ९२.० इतकी, म्हणजे वर्षाला १.१ टक्के येते, आणि त्या वेगाने ८० गाठायला सुमारे ११ वर्षे लागतील. साय धरण्याच्या गणितानुसार घट काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते असे निखळपणे मानले, तर चार वर्षांत आठ टक्के म्हणजे ८० टक्क्यांसाठी एकूण २५ वर्षे असे उत्तर निघते. या शेवटच्या उत्तरावर मी विसंबत नाही, कारण त्यात वापराने होणारी झीजही धरलेली नाही आणि आधी सांगितलेले वळणही नाही. म्हणून माझ्या वहीत मी ‘सहा ते अकरा वर्षे’ असे लिहिले आहे आणि पैशांचे नियोजन सहा वर्षे धरून केले आहे.

वळण जवळ आल्याची खूण नोंदींतच मिळते. दरवर्षीची घट कमी होत जाण्याऐवजी वाढू लागली, सलग दोन वर्षे वाढली, आणि त्याच वेळी अंतर्गत रोधही चढत असेल, तर वरचे सर्व हिशेब बाजूला ठेवून दर तीन महिन्यांनी मोजणी सुरू करावी. एकाच वर्षी जास्त घट दिसली तर आधी चाचणी पुन्हा करावी. बहुतेक वेळा आदल्या दिवशीचा पूर्ण चार्ज राहून गेलेला असतो किंवा रात्री कोणीतरी त्याच सब-मीटरवर दुसरे काही लावलेले असते.

बॅटरी गाडीच्या कामाची उरली नाही तरी ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाता कामा नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन तिच्या पुनर्वापराची किंवा पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि ७० टक्के क्षमतेची बॅटरी सौरऊर्जा साठवण्यासारख्या संथ कामात आणखी बरीच वर्षे उपयोगी पडू शकते.

आता वॉरंटीविषयी. आपल्याकडील अनेक मोटारींना बॅटरीसाठी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, वॉरंटी असते. तिच्या पुस्तिकेत क्षमतेची किमान मर्यादा किती आणि ती कोणत्या पद्धतीने मोजली जाईल हे कुठे लिहिले आहे, ते आजच शोधून त्या पानावर खूण करून ठेवावी. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी घरची चाचणी करावी, आणि आकडा मर्यादेच्या तीन-चार टक्के जवळ असेल तर आपल्या सर्व नोंदींची आणि मीटरच्या फोटोंची प्रत जोडून सर्व्हिस सेंटरकडे लेखी अर्ज द्यावा, त्यांच्या यंत्रावर काढलेला एसओएच अहवाल छापील स्वरूपात मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.